पीएसएलव्हीच्या उड्डाणांची यादी : झालेली उड्डाणे आणि ठरलेली उड्डाणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पीएसएलव्ही या, उपग्रह कक्षेत नेणाऱ्या भारतीय प्रक्षेपकाच्या (रॉकेटच्या) १९९३ पासूनच्या सर्व उड्डाणांची यादी आपण स्वतः तयार करीत आहात. तिच्यात क्रमांक आणि तारखा एकमेकांशी जुळत नाहीत, सी१३ हा क्रमांक कोठेच सापडत नाही, एकाच उड्डाणाला कोणी यशस्वी तर कोणी अंशतः अपयशी ठरवतो आणि पुढच्या उड्डाणांच्या तारखा तर सतत सरकत असतात. मग कोणती नोंद खरी धरायची, आणि नियोजित उड्डाणाची ओळ कशी लिहायची याचे एखादे उदाहरण मिळेल का? प्रक्षेपणांच्या नोंदी ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि या चारही अडचणींतून गेलो आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ज्या कागदाला आपण एक यादी समजतो, त्यावर वास्तविक दोन वेगळे दस्तऐवज एकाखाली एक मांडलेले असतात. वरचा भाग घडून गेलेल्या गोष्टींची नोंद असतो आणि तो पुराव्याने तपासता येतो. खालचा भाग इराद्यांची नोंद असतो आणि तो फक्त तयारी कितपत झाली आहे यावरून तोलता येतो. दोन्ही भागांचे रकाने सारखेच दिसतात, म्हणून वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात.

आधी क्रमांकांचे पाहू. सुरुवातीची तीन उड्डाणे विकासात्मक होती, त्यांना डी१, डी२ आणि डी३ अशी नावे आहेत. त्यानंतर सी१ पासून नियमित मालिका सुरू झाली. हा क्रमांक त्या मोहिमेसाठी नेमून दिलेल्या प्रक्षेपकाचा असतो, उड्डाणाच्या क्रमाचा नसतो. उपग्रह तयार व्हायला उशीर झाला किंवा दुसरी मोहीम अधिक निकडीची ठरली की मागचा क्रमांक पुढे निघून जातो. सी१० जानेवारी २००८ मध्ये इस्रायलचा टेकसार उपग्रह घेऊन गेला आणि सी९ त्याच वर्षी एप्रिलमध्ये उडाला. सी२१ सप्टेंबर २०१२ मध्ये उडाला, तर सी२० फेब्रुवारी २०१३ मध्ये. सर्वांत बोलके उदाहरण सी२५ चे आहे. तो ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान घेऊन गेला, त्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये सी२४ आणि जूनमध्ये सी२३ उडाला, म्हणजे तीन क्रमांक चक्क उलट्या क्रमाने गेले. मंगळाकडे जाण्याची अनुकूल वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते आणि ती चुकली तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, त्यामुळे बाकीच्यांना वाट द्यावीच लागली.

सी१३ हा क्रमांक वापरलाच गेला नाही. एप्रिल २००९ मधील सी१२ नंतर सप्टेंबरमध्ये थेट सी१४ उडाला. आपल्या यादीत त्यासाठी रिकामी ओळ ठेवू नका, नाहीतर एकूण बेरीज चुकेल. बेरीज पडताळण्याची सोपी रीत अशी : सी६२ पर्यंतचे ६२ क्रमांक घ्यावेत, त्यांतून सी१३ चा एक वजा करावा आणि डी मालिकेची तीन उड्डाणे मिळवावीत, की १२ जानेवारी २०२६ च्या सी६२ पर्यंत एकूण ६४ उड्डाणे होतात. आपली बेरीज ६५ येत असेल तर रिकामी ओळ मोजली गेली आहे किंवा एखादे उड्डाण दोनदा लिहिले गेले आहे.

दोनदा लिहिले जाण्याची चूक माझ्याकडूनही झालेली आहे, म्हणून तिचे कारण सांगतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत झालेल्या उड्डाणाची तारीख परदेशी नोंदींत आदल्या दिवसाची असते. सी२६ हा आयआरएनएसएस-१सी हा दिशादर्शक उपग्रह घेऊन १६ ऑक्टोबर २०१४ रोजी रात्री १ वाजून ३२ मिनिटांनी उडाला, पण जागतिक वेळेनुसार तेव्हा १५ ऑक्टोबरच चालू होता. सी४१ चे उड्डाण १२ एप्रिल २०१८ च्या पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी झाले आणि इतरत्र ते ११ एप्रिलला मांडलेले दिसते. दोन ठिकाणांहून माहिती घेताना मी अशा एका उड्डाणाच्या दोन ओळी केल्या होत्या आणि ती चूक बरेच दिवस लक्षात आली नव्हती. म्हणून तारखेच्या रकान्याच्या माथ्यावर कोणती प्रमाणवेळ धरली आहे हे एकदाच स्पष्ट लिहावे आणि नंतर ती बदलू नये.

उपग्रहांच्या नावांतही असाच दुहेरीपणा आहे. जुन्या कागदांतला आयआरएस (भारतीय दूरसंवेदन उपग्रह) मालिकेतील पी४ म्हणजेच ओशनसॅट-१, पी५ म्हणजे कार्टोसॅट-१ आणि पी६ म्हणजे रिसोर्ससॅट-१. सप्टेंबर २००२ मध्ये सी४ ने नेलेला मेटसॅट पुढे कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ कल्पना-१ झाला. २०२० पासून पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांना ईओएस या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले, त्यामुळे रिसॅट-१ए हा ईओएस-०४ झाला आणि ओशनसॅट-३ हा ईओएस-०६. नियोजित उड्डाणांच्या यादीत तर एकच उपग्रह जुन्या नावाने एका ओळीत आणि नव्या नावाने दुसऱ्या ओळीत बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. उपग्रहांचे क्रमांकही कालक्रम पाळतीलच असे नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर रिसॅट-२ या रडार उपग्रहाची निकड भासली आणि तो एप्रिल २००९ मध्ये गेला, तर रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये.

आता यश आणि अपयश. आपल्या यादीतला हा सर्वांत नाजूक रकाना आहे. येथे निकाल प्रक्षेपकाचा लावायचा असतो, उपग्रहाचा नव्हे. प्रक्षेपकाने उपग्रह ठरलेल्या कक्षेत, ठरलेल्या मर्यादेत सोडला की त्याचे काम संपते. चांद्रयान-१ शी ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला, तरीही ऑक्टोबर २००८ चे सी११ चे उड्डाण पूर्ण यशस्वीच राहते. याच्या अगदी उलट बाजूस सी१ आहे. २९ सप्टेंबर १९९७ रोजी आयआरएस-१डी घेऊन जाताना चौथ्या टप्प्यात (एकामागून एक पेटणाऱ्या चार भागांपैकी शेवटच्या भागात) हेलियम वायूची गळती झाली, वेग कमी पडला आणि सुमारे ८१७ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी उपग्रह ३०१ बाय ८२३ किलोमीटरच्या (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीच्या) लंबवर्तुळात सुटला. प्रक्षेपकाच्या खात्यावर हे अंशतः अपयश आहे आणि तसेच लिहावे. परंतु उपग्रहाने स्वतःचे इंधन खर्चून कक्षेचा खालचा भाग उचलून घेतला आणि पुढे बारा वर्षांहून अधिक काळ सेवा दिली. जेथे प्रक्षेपकाचा निकाल आणि उपग्रहाची कामगिरी यांत असे अंतर पडते, तेथे दोन स्वतंत्र रकाने ठेवण्याला पर्याय नाही.

पूर्ण अपयशाच्या ओळी थोड्या आहेत आणि त्या प्रत्येकीचे कारण वेगळे लिहिण्याजोगे आहे. २० सप्टेंबर १९९३ च्या डी१ मध्ये दुसरा टप्पा विलग होताना प्रक्षेपक डळमळला आणि नियंत्रणाच्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे तो सावरता आला नाही. इंजिनांपैकी कोणतेही मुळात निकामी नव्हते. तेरा महिन्यांनी, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, डी२ ने आयआरएस-पी२ हा उपग्रह बिनचूक कक्षेत ठेवला.

३१ ऑगस्ट २०१७ च्या सी३९ कडे मी आपले विशेष लक्ष वेधतो, कारण त्यातून प्रक्षेपकाचे वजनाचे गणित फार स्पष्ट दिसते. उपग्रहाभोवती दोन अर्धुकांचे उष्णतारोधक कवच असते. वातावरणाचा दाट थर मागे पडला की ती अर्धुके उघडून बाजूला पडतात आणि प्रक्षेपक हलका होतो. त्या दिवशी कवच उघडलेच नाही. चारही टप्पे व्यवस्थित पेटले, पण सुमारे एक टनाचे निरुपयोगी ओझे शेवटपर्यंत सोबत राहिले. २८४ बाय २०,६५० किलोमीटरची कक्षा गाठायची होती, तेथे १६७ बाय ६,५५४ किलोमीटरच्या आसपासच पोचता आले. आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह ठरल्याप्रमाणे प्रक्षेपकापासून सुटला खरा, पण बंद कवचाच्या आतच सुटला. ज्यांनी ते प्रक्षेपण पाहिले त्यांना आठवत असेल की ज्वाळा, आवाज आणि टप्प्यांचे विलगीकरण यांत डोळ्यांना काहीच खटकत नव्हते. वेग अपेक्षित रेषेच्या खाली राहतो आहे हे फक्त पडद्यावरचे आकडे सांगत होते.

त्यानंतरची दोन अपयशे तिसऱ्या टप्प्याशी निगडित आहेत. १८ मे २०२५ रोजी ईओएस-०९ नेणाऱ्या सी६१ मध्ये घन इंधनाच्या या टप्प्यातील दाब घसरला आणि मोहीम पूर्ण होऊ शकली नाही. १२ जानेवारी २०२६ च्या सी६२ मध्येही उड्डाण तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीपर्यंत सुरळीत होते, मग प्रक्षेपकाच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतीत बिघाड दिसला आणि मार्ग ढळला. लागोपाठच्या दोन उड्डाणांत एकाच टप्प्याच्या काळात अडचण यावी, ही माझ्या मते या संपूर्ण यादीतली सर्वांत गंभीर जोडी आहे आणि खालच्या भागातील प्रत्येक नियोजित ओळीवर तिची छाया पडते.

प्रत्येक ओळीत प्रक्षेपकाचा प्रकार लिहिणेही आवश्यक आहे, कारण पीएसएलव्ही हे एकाच यंत्राचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे. सर्वांचा गाभा सारखा असतो : पहिला टप्पा घन इंधनाचा, दुसरा विकास इंजिनाचा द्रव इंधनाचा, तिसरा पुन्हा घन आणि चौथा पुन्हा द्रव. फरक पडतो तो पहिल्या टप्प्याभोवती बांधलेल्या स्ट्रॅप-ऑन मोटरींमुळे, म्हणजे जोडीच्या छोट्या घन-इंधन रॉकेटांमुळे. मूळ प्रकारात प्रत्येकी सुमारे नऊ टन इंधनाच्या सहा मोटरी होत्या. एप्रिल २००७ मध्ये इटलीचा ३५२ किलोग्रॅमचा अजिले उपग्रह नेताना सी८ ने एकही मोटर न लावता उड्डाण केले, त्याला कोअर अलोन म्हणतात. चांद्रयान-१ साठी सी११ ने प्रथमच प्रत्येकी सुमारे बारा टन इंधनाच्या सहा मोटरी लावल्या, तो एक्सएल प्रकार झाला. जानेवारी २०१९ च्या सी४४ पासून दोन मोटरींचा डीएल आणि त्याच वर्षी एप्रिलच्या सी४५ पासून चार मोटरींचा क्यूएल हे प्रकार आले. हा रकाना भरला की वजन आणि कक्षा यांचा मेळ लगेच लागतो आणि एखाद्या ओळीत चुकीचा आकडा शिरला असेल तर तो आपोआप उघडा पडतो.

कक्षेच्या रकान्यात एक भौगोलिक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीएसएलव्हीची सर्व उड्डाणे श्रीहरिकोट्याहून झाली आहेत. ध्रुवीय कक्षेसाठी, म्हणजे पृथ्वीच्या ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी, तेथून सरळ दक्षिणेकडे जाता येत नाही, कारण वाटेत श्रीलंका येते. म्हणून प्रक्षेपक आधी आग्नेयेकडे जातो आणि मग हवेत वळण घेऊन दक्षिणेची दिशा धरतो. या वळणात ऊर्जा खर्च होते, म्हणजेच वाहून नेता येणारे वजन कमी होते. सुमारे ६०० किलोमीटर उंचीच्या सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षेसाठी (जिच्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दररोज साधारण त्याच स्थानिक वेळी जातो) एक्सएल प्रकाराची जी १,७५० किलोग्रॅमची क्षमता सांगितली जाते, ती हे वळण हिशेबात धरूनच आहे.

उपग्रहांची संख्या मोजताना घाई करू नये. १५ फेब्रुवारी २०१७ च्या सी३७ ने १०४ उपग्रह नेले. त्यांत ७१४ किलोग्रॅमचा कार्टोसॅट-२डी मुख्य होता आणि १०१ परदेशी लघुउपग्रहांपैकी ८८ एकाच अमेरिकी कंपनीचे, डव्ह नावाचे होते. एकूण वजन मात्र १,३७८ किलोग्रॅम, म्हणजे चांद्रयान-१ च्या वजनाइतकेच भरले. जानेवारी २०२१ मध्ये फाल्कन ९ या अमेरिकी प्रक्षेपकाने १४३ उपग्रह नेऊन तो विक्रम मोडला. संख्येपेक्षा मला त्या उड्डाणातले विलगीकरणाचे वेळापत्रक अधिक मोलाचे वाटते. इतके उपग्रह थोड्या मिनिटांत, एकमेकांना न धडकता, वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे म्हणजे चौथ्या टप्प्याने प्रत्येक वेळी नेमक्या कोनात स्थिर राहायला हवे. हाच चौथा टप्पा सी३५ मध्ये, सप्टेंबर २०१६ मध्ये, पुन्हा पेटवून एकाच उड्डाणात दोन वेगळ्या उंचींवर उपग्रह सोडण्यासाठी वापरला गेला.

काम संपल्यावर चौथा टप्पा कक्षेतच प्रयोगांचे व्यासपीठ म्हणून वापरण्याची पद्धत पुढे रूढ झाली, त्याला पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ च्या सी६० मोहिमेत, जिने अवकाशात दोन याने एकमेकांना जोडण्याच्या स्पेडेक्स प्रयोगाचे दोन उपग्रह नेले, पोएम-४ वर २४ उपकरणे होती आणि त्यांतील एका छोट्या पेटीत चवळीच्या बियांना चार दिवसांत मोड आले. ही उपकरणे टप्प्यापासून सुटत नाहीत, म्हणून त्यांना उपग्रहांच्या संख्येत धरू नये. सी६० च्या ओळीतील उपग्रहांचे आकडे ठिकठिकाणी वेगळे दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता खालचा भाग, नियोजित उड्डाणांचा. तारखा का सरकतात हे आपण विचारले आहे. त्यामागे अगदी भिन्न प्रमाणाची कारणे असतात आणि ती एकत्र करून पाहिली की उगाच ढिलाईचा संशय येतो. काही विलंब मिनिटांचे असतात. ३० जुलै २०२३ च्या सी५६ चे उड्डाण अवकाशातील कचऱ्याशी टक्कर टाळण्यासाठी एक मिनिट पुढे ढकलले गेले. काही विलंब दिवसांचे असतात. युरोपच्या प्रोबा-३ या सूर्य-निरीक्षण मोहिमेत उपग्रहाच्या राखीव प्रणोदन यंत्रणेत त्रुटी आढळल्याने सी५९ चे उड्डाण ४ डिसेंबर २०२४ ऐवजी ५ डिसेंबरला झाले. मंगळयानाचे उड्डाण २८ ऑक्टोबरवरून ५ नोव्हेंबर २०१३ वर गेले, ते तर समुद्रामुळे. त्या मोहिमेत तिसरा टप्पा संपल्यापासून चौथा पेटेपर्यंत जवळजवळ २५ मिनिटांचे शांत मार्गक्रमण होते आणि चौथा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता, जेथे जमिनीवरचे कोणतेही केंद्र त्याचे संदेश पकडू शकत नव्हते. त्यासाठी नालंदा आणि यमुना ही दोन जहाजे पाठवली होती आणि खराब हवामानामुळे त्यांतील एकाला ठरलेल्या ठिकाणी पोचायला उशीर झाला. प्रक्षेपक तळावर तयार असूनही त्याने हजारो किलोमीटर दूरच्या जहाजाची वाट पाहिली, आणि तसे करणेच योग्य होते.

महिन्यांचे विलंब मात्र वेगळ्या जातीचे असतात आणि ते सगळ्या ओळींना एकदम खाली ढकलतात. सी३९ च्या अपयशानंतर पुढचे उड्डाण १२ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे साडेचार महिन्यांनी झाले. सी६१ नंतर सी६२ पर्यंत जवळजवळ आठ महिने गेले. कोविड महासाथीच्या काळात डिसेंबर २०१९ च्या सी४८ नंतर नोव्हेंबर २०२० च्या सी४९ पर्यंत अकरा महिन्यांचे अंतर पडले. म्हणून अपयशाची एखादी ओळ वरच्या भागात लिहिली, की त्याच दिवशी खालच्या भागातील सर्व तारखा खोडून फक्त क्रम ठेवावा, अशी माझी पद्धत आहे.

नियोजित ओळ कितपत पक्की आहे हे ठरवण्यासाठी मी तारखेपेक्षा तयारीच्या खुणा पाहतो. करार झाल्याची घोषणा ही सर्वांत कच्ची खूण. उपग्रह श्रीहरिकोट्याला पोचला, म्हणजे महिना धरता येतो. वैमानिकांसाठी आणि जहाजांसाठी धोक्याच्या क्षेत्राची अधिकृत सूचना निघाली, म्हणजे दिवस धरता येतो. ही सूचना नीट वाचण्यासारखी असते, कारण गळून पडणारे टप्पे समुद्रात कोठे पडणार ते तिच्यात दिलेले असते. ती क्षेत्रे दक्षिणेकडे ओळीने असतील तर कक्षा ध्रुवीय आहे आणि पूर्वेकडे असतील तर कमी कलाची, म्हणजे विषुववृत्ताशी लहान कोन करणारी. उपग्रहाचे नाव जाहीर झालेले नसले तरी मोहिमेचा प्रकार त्यावरून बराचसा उमगतो.

आपण उदाहरण मागितले होते, तर उद्योगांनी बांधलेल्या पीएसएलव्हीची ओळ घ्या. २०२२ मध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या अवकाश खात्याच्या व्यापारी कंपनीने हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संघाला पाच प्रक्षेपक बांधण्याचे काम दिले आणि त्यांतील पहिल्याने ओशनसॅट-३ए न्यावा असे ठरले. या ओळीत मी प्रक्षेपकाच्या रकान्यात एन१ लिहितो, प्रकार एक्सएल, उपग्रह ओशनसॅट-३ए, कक्षा सूर्यसमकालिक ध्रुवीय, आणि तारखेचा रकाना पेन्सिलीने भरतो. त्याच्या शेजारी एक अरुंद रकाना आणखी आखलेला असतो, ज्यात तिसऱ्या टप्प्याविषयीच्या चौकशीचे निष्कर्ष कोणत्या दिवशी स्वीकारले गेले ते लिहायचे आहे. तो भरला की मगच तारखेवर शाई चढते.